दवाखान्याला गूळ किती लागतो?

नवी बिल्डिंग बांधताना फक्त बिल्डिंग होते. जुनी दुरुस्तीला घेतली की बिल्डिंग कमी आणि किस्सेच जास्त होतात! श्रीरामपूरकडचा हा इंग्रजांच्या काळातला दगडी दवाखाना कित्येक वर्षं बंद होता. त्याचं वाचनालय आणि अभ्यासिका करायचं ठरलं. साइट इंजिनिअर म्हणून मी तिथं दोन वर्षं धूळ खाल्ली. आता मैत्रिणी जमल्या की फर्माईश ठरलेली, "दवाखान्याचं सांग ना!"

*

असल्या भिंतींना सिमेंट चालत नाही, आत ओल कोंडते. म्हणून चुना, आणि चुन्यात गुळाचं पाणी. आमचे रंगनाथ मिस्त्री पाथर्डीचे, चुन्याच्या कामातले उस्ताद. पण महिनाभर पुरायची गुळाची ढेप आठवड्यात गायब!

मी विचारलं, "मिस्त्री, भिंत एवढा गूळ खाते?"

त्यांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "मॅडम, भिताडाला गूळ कमी पडला तर ते बोलत न्हाई. गड्यांना कमी पडला तर लई बोलत्यात!"

पुढच्या आठवड्यापासून दोन ढेपा यायला लागल्या. एक चुन्याची, एक चहाची.

*

वाचनालय कमिटीच्या चेअरमनसाहेबांचा हट्ट होता, "भिंतींना ओरिजिनल रंगच द्या. इंग्रजांची टेस्टच वेगळी!"

आम्ही पात्यानं अलगद खरवडत गेलो. पांढरा निघाला, मग पिवळा, हिरवा, निळा. सगळ्यात खाली काय? जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखा भडक गुलाबी!

साहेबांनी रंगावर बोट घासून पाहिलं. मग म्हणाले, "इंग्रज रजेवर असताना दिलेला दिसतोय हा."

*

मागच्या बाजूला शवागाराची खोली. भिंती अडीच फूट जाड, त्यामुळे भर मे महिन्यातही आत गारेगार. शहरातून एक तज्ज्ञ आले होते. कुठल्या खोलीत नैसर्गिक गारवा किती, हे मोजायला. मोठ्या उत्साहानं त्यांनी स्वतःच दार ढकललं.

आत ओळीनं पाच जण आडवे. डोक्यावरून पांढरे पंचे.

तज्ज्ञांच्या हातातला थर्मामीटर फरशीवर पडला. त्या आवाजानं एक जण उठून बसला. "काय झालं? जेवनाची सुट्टी सपली का?"

त्यांच्या रिपोर्टात त्या खोलीचा रकाना आजही कोरा आहे.

*

एक दिवस व्हरांड्यात एक आजी येऊन बसल्या. गुडघे धरून, पिशवी मांडीवर घेऊन.

"माजा नंबर कवा यायचा?"

"आजी, दवाखाना बंद झालाय."

"मंग एवढी मानसं कशाला जमल्यात?"

"दुरुस्तीला."

"मी बी दुरुस्तीलाच आले की!"

शेवटी मार्था सिस्टरना बोलवावं लागलं. तीस वर्षं त्या इथं नर्स होत्या. रिटायर होऊन शेजारीच राहायच्या आणि रोज कामावर चक्कर मारायच्या. त्यांनी आजींचे गुडघे दाबून पाहिले, तेल कसं चोळायचं ते सांगितलं. जाताना आजी मला म्हणाल्या, "बंद झालाय म्हनं! खोटं कशाला बोलायचं गं?"

*

आणि तो प्रसूती वॉर्ड. आज तिथं अभ्यासिका आहे, पण एका सकाळी तो पडणारच होता. कमिटीतल्या कुणाला तरी तिथं पार्किंग हवं होतं. मला न विचारताच जेसीबी दारात! मी ऑफिसला फोनवर फोन लावतेय, कुणी उचलत नाही. मिस्त्री आणि गडी नुसते उभे.

तेवढ्यात मार्था सिस्टर आल्या. वॉर्डाच्या पायरीवर खुर्ची टाकली आणि बसल्या.

ड्रायव्हर दांडगा, तिशीचा. वरूनच ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा! पाच मिन्टाचं काम हाय."

सिस्टरनी चष्मा नीट केला. "तू कुठला रे?"

"हितलाच. शेळक्याचा."

"दगडू शेळक्याचा? धाकटा?"

"व्हय."

"म्हणजे पायाळू तू!"

मशीन नुसतीच धडधडत होती.

"पाय आधी आले होते तुझे," सिस्टर म्हणाल्या. "ह्याच वॉर्डात तुला बाहेर काढायला मला चौदा तास लागले. आणि तू मला पाच मिनिटांत काढतोस?"

त्यानं मशीन बंद केली. खाली उतरला, पायरीपाशी चपला काढल्या आणि हळूच विचारलं,

"कंची खाट हुती, सिस्टर?"