मागच्या चाकातला धक्का

धक्का पहिल्यांदा मला जाणवला, कारण मागं मी बसायची. दर रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवरून कोडोलीला जायचो, ह्यांच्या थोरल्या बहिणीकडं. वन्सं तिथं एकट्याच राहतात. त्या रविवारी गतिरोधकापाशी ह्यांनी वेग कमी केला आणि सीटखाली खट्ट झालं, खालून कुणी दार ठोठावल्यासारखं. पुन्हा वेग घेतला, पुन्हा खट्ट. माझ्या कमरेत कळ गेली.

"अहो, गाडीत काहीतरी वाजतंय."

"कपलिंग रबर गेलंय," हे मान न वळवता म्हणाले. "चेन आणि चाकाच्या मधी गादीगत असतंय ते. झिजलं की इंजिनाचा हिसका थेट चाकाला बसतोय. बदलतो की."

हे शिरोलीतल्या एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. ह्यांच्या गाडीला आजवर दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही, त्यामुळं मी निर्धास्त होते. पण आठवडे गेले आणि रबर काही बदललं गेलं नाही. धक्के वाढत गेले. एकदा आठवण केली तर म्हणाले, "कसलं रबर?" मला वाटलं, कंटाळा करतायत. मग एके दिवशी जिन्याखालच्या कपाटात मला नव्या रबरांची पाकिटं सापडली. तीन पाकिटं, तिन्ही एकाच मापाची, एकही न फोडलेलं. मी त्यातलं एक ह्यांच्या हातात ठेवलं. बाकीच्या दोनांबद्दल काही विचारलं नाही. का विचारलं नाही, ते आज सांगता येत नाही.

शनिवारी माझी शाळा सकाळची असते. दुपारी घरी आले तर ह्यांनी दारात पोतं अंथरून गाडी डबल स्टँडवर लावली होती. ब्रेकचा दांडा सोडवला, नट काढला, चाकाच्या मधला आस ओढून काढला आणि चाक बाहेर घेतलं. हात नेहमीसारखे भराभर चालले होते. चाकाच्या पोटातली जुनी रबरं बोटानं उचकटून त्यांनी मला दाखवली. कडक झाली होती, दाबून चपटी झाली होती, आणि एकाचा तर नुसता चुरा निघाला.

"बघ. ह्याच्यावर आपण फिरत होतो," ते म्हणाले.

त्यांनी साबणाचं पाणी लावून नवी रबरं एकेक करून खाचेत दाबून बसवली. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. गॅस बारीक करून परत आले, तर नवी रबरं पुन्हा बाहेर काढून पोत्यावर ओळीनं मांडलेली होती. हे चाक मांडीवर घेऊन बसले होते.

"काय झालं? नीट बसली नाहीत?"

त्यांनी वर पाहिलं. पत्ता विचारायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग पोत्याकडं पाहिलं.

"हे चाक कुणी काढलंय?"

मी हसले. ते हसले नाहीत. गल्लीतून भाजीची गाडी ओरडत गेली. मग ते एकदम म्हणाले, "चेष्टा केली गं," आणि रबरं पुन्हा बसवायला लागले. पण कपाळावर घाम आला होता. मी तिथनं हलले नाही. गाडी जोडून झाल्यावर ते एक फेरी मारून आले. "लोण्यागत चालतीया," म्हणाले.

खरंच तशी चालत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सीटखाली काहीच वाजलं नाही. शिरोली गेली, हायवे लागला. उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत गाडी एका सुरात पळत होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण ह्यांची पाठ इतकी ताठ होती की खांद्यावर हात ठेवायलासुद्धा मला धीर होईना.

वाठारचं वळण आलं आणि गेलं.

"अहो, वळण मागं राहिलं."

वाऱ्यात ऐकू आलं नसेल म्हणून मी पुढं वाकून कानाशी बोलले. "कुठं चाललोय आपण?"

"कामाला," ते म्हणाले. "पयली पाळी हाय. उशीर झालाय."

कारखाना मागं पडला होता. वार रविवार होता. बाजूनं ट्रक एवढ्या जवळून जात होते की माझा पदर ओढला जायचा. ओरडले तर हे दचकतील, गाडी हलेल, एवढंच मला कळत होतं. शाळेत एखादं मूल गच्चीच्या कठड्यावर चढलं की आम्ही ओरडत नाही, दुसऱ्याच विषयावर बोलतो. मी तसाच आवाज काढला. "मला तहान लागलीय. जरा थांबायचं का?"

ते लगेच थांबले. पंक्चरचं दुकान होतं, बाहेर पाण्याचा माठ. हे उतरून शांतपणे उभे राहिले. मी गाडीला धरून खाली बसले. मागचं चाक डोळ्यांसमोर होतं. आसाचा नट मला नेहमीपेक्षा बाहेर आल्यासारखा वाटला. बोट लावलं तर तो फिरला. पाना नाही, नुसत्या बोटानं.

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, मग नटाकडं.

"पावणं, कुठल्या मिस्त्रीनं केलंय हे?" त्यानं ह्यांना विचारलं. "आणि थोडं गेला असता तर चाक निसटलं असतं की."

"कोण तर हाय शिकाऊ," हे म्हणाले. आणि खरोखरच रागावले.

मी ती गाडी पुढं नेऊ दिली नाही. दुकानदाराला विनवून तिथंच ठेवली, वन्संच्या वेगळं राहणाऱ्या मुलाला फोन केला. तो कोडोलीहून जीप घेऊन येईपर्यंत मी ह्यांचा हात धरून बाकावर बसले होते. वन्संच्या घरी पोचलो तोवर हे पुन्हा अगदी पहिल्यासारखे झाले. जेवले, बहिणीशी उसाच्या दरावर वाद घातला. परत निघताना मला म्हणाले, "गाडी कुठाय?"

पुढच्या आठवड्यात पुण्याहून मुलगा आला. डॉक्टर, तपासण्या, मेंदूचे फोटो झाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला घरी येईपर्यंत उच्चारता येत नव्हतं. थांबत नाही, हळू करता येतो, असं ते म्हणाले. मुलानं गाडी पुण्याला नेली.

कोडोलीला आम्ही अजून जातो, आता एसटीनं. गेल्या वेळी गर्दी नव्हती. मी खिडकीशी, हे माझ्या शेजारी. वाठारच्या वळणाला गाडी वळली तशी ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. आदरानं थोडं सरकून बसले.

"तुमी कुठं उतरणार, बाई?"

"कोडोलीला," मी म्हणाले.

"आमाला बी तिथंच जायाचं हाय," ते म्हणाले. "आल्यावर सांगा, काय."