गुरुजींच्या औषधाची पोथी

अकोल्याचे चिंतामण गुरुजी छापील अक्षराला फार मानत. यजमानाच्या पोथीत एक ओळ इकडची तिकडे दिसली, की पोथी मिटून म्हणायचे, "ही प्रत खोटी." वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडत असल्याचं निघालं. अमरावतीच्या रागिणी डॉक्टरांनी खास त्यासाठीची गोळी सुरू केली. डबीतलं माहितीपत्रक गुरुजींनी बारावीच्या इंग्रजीवर, शब्दकोश मांडीवर घेऊन पाठ केलं. दर तीन महिन्यांनी हृदयाचा इको काढायचा, हे त्यातलं कलम तर त्यांच्या बायकोला, रमाबाईंनाही तोंडपाठ झालं होतं.

गेल्या आठवड्यात नवी डबी आली. पत्रकात तीनच्या जागी सहा महिने! गुरुजींनी निकाल दिला, औषध नकली. आणि घरात चकार शब्द न काढता गोळी बंद केली. याला काय म्हणावं? दुकानदाराला विचारायचंसुद्धा भल्या माणसाला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी रमाबाईंनी पट्टी पाहिली. तीन गोळ्या जास्त.

"मले सांगितलं काहून नाही?" एवढंच त्या बायकोच्या हक्कानं म्हणाल्या आणि पिशवी भरायला लागल्या. दोघं मिळेल त्या बसनं अमरावतीला निघाले. वाटेत गुरुजींनी दोनदा जप सुरू केला आणि दोनदा विसरले.

रागिणी डॉक्टरांनी इको काढला, डबीवरचा क्रमांक कंपनीला फोन करून ताडून पाहिला.

"औषध अस्सल आहे, गुरुजी. पुष्कळ पेशंटचा अनुभव आला, म्हणून कंपनीनं पत्रक सुधारलं. तब्येत स्थिर असली तर सहा महिन्यांनी इको चालतो. तुमचं हृदयही ठीक आहे. पण मनानं गोळी बंद केली, हे काही बरं केलं नाही. आजपासून पुन्हा सुरू करा."

"म्हणजे पोथी बदलते?"

"आमची बदलते."

गुरुजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. परतीच्या बसमध्ये तर त्यांना कंठच फुटला. सहा महिने मोकळे! अकोटचा भागवत सप्ताह आता नाही म्हणायला नको. मूर्तिजापूर मागे पडलं तशी रमाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि त्यांनी ती गिळेपर्यंत नजर हटवली नाही.

"डॉक्टरबाई सहा महिन्यांनी पाहतील," त्या म्हणाल्या, "मी पट्टी रोज मोजीन."

गुरुजींनी निमूटपणे तोंड उघडून दाखवलं.