परसूने वाकवलेला सायलेन्सर

आमच्या होसकोट्याकडच्या खेड्यातून जी माणसं बेंगळुरात गेली, त्यांत परसूइतका हाताचा गुणी माणूस मी दुसरा पाहिला नाही. हेब्बाळच्या तळ्याअलीकडे त्याचं गॅरेज होतं. बंद गाडी आली की तो तिच्याकडे पाठ करून ऑईलच्या उपड्या डब्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकाला किक मारायला सांगायचा. चार किका ऐकायचा, मग उठायचा आणि नेमका तोच नट सोडायचा.

मानसिंगअण्णा त्याचे थोरले दोस्त. कारखान्यात टर्नर, आणि रविवारी मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींचे स्वार. त्यांची टू-स्ट्रोक गाडी परसूनेच बांधली होती. सायलेन्सरही बाजारचा नव्हता. पत्रा तापवून, वाकवून, त्याने स्वतः जोडलेला. त्या गाडीचा आवाज तळ्यापलीकडून ऐकू यायचा, आणि माती उडवत ती वळणावर आडवी झाली की आम्ही गावाकडची माणसं श्वास घ्यायचं विसरायचो.

एकोणनव्वद साली शर्यतीत अण्णा पडले. डावा कान त्याच दिवशी गेला. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. पुढे उजवा कानही मंदावत चालला, आणि शहाण्णवला डॉक्टरांनी सांगितलं की फार तर वर्षभर ऐकू येईल.

दसऱ्याच्या आठवड्यात अण्णा गॅरेजात आले. मी तेव्हा गावाहून येऊन परसूकडेच उतरलो होतो. अण्णा म्हणाले, "परसू, कान पुरता मिटायच्या आत ती एकदा ऐकव."

परसूने गॅरेजला कुलूप लावलं आणि हत्यारांची पिशवी घेऊन शेड गाठली. जुनं पेट्रोल ओतून दिलं, ऑईल मिसळून नवं भरलं. प्लग काढून इंजिनाला टेकवला, तर ठिणगी निळी, खणखणीत. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. पॉइंट घासले. किकेला दाब होता, प्लग ओला होत होता, म्हणजे पेट्रोलही पोचत होतं. तरी गाडी एकदाही फुरफुरली नाही. तो पाठ करून बसला, मी किका मारत राहिलो. त्याला काही ऐकू येईना.

दुसरा दिवसही तसाच गेला. अण्णा खुर्ची टाकून, उजवा कान गाडीकडे करून बसलेले. संध्याकाळी म्हणाले, "एवढ्या वेळात म्हैस व्याली असती रे."

परसू हसला नाही. रात्री तो जेवलाही नाही. आपल्या हातची गाडी आपल्याला ओळख देत नाही, हे त्याला लागलं होतं.

तिसरा दिवस खंडेनवमीचा. अण्णांच्या घरी तलवारीशेजारी गाडीचीही पूजा असायची, अण्णा पडले त्या वर्षापासून न चुकता. गाडी धुवायला अण्णांच्या पत्नी, सोयराबाई वैनी, सकाळीच बादली घेऊन आल्या. कमरेला खोचलेलं जुन्या लुगड्याचं फडकं काढलं, त्याचा घट्ट बोळा केला, सायलेन्सरच्या मागच्या तोंडात घातला आणि लाटण्याने आत सारला.

परसूच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याने हळूच विचारलं, "वैनी, मागच्या वर्षीचा बोळा कुठाय?"

"तो आत गेला असेल. दरवर्षी तोंड रिकामंच दिसतं."

"आणि हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच की भावजी. पहिल्या वर्षी म्हणालात, धुताना बोळा घाला, आत पाणी जाता कामा नये. काढायचं कुठं म्हणालात?"

परसू सायलेन्सरशी उकिडवा बसला. सगळं उघडून पाहिलं होतं, पण सायलेन्सरला त्याने हात लावला नव्हता. तो आपण वाकवलेला, त्यात खोट कशी असेल? इंजिनाला श्वास सोडायला जागाच नव्हती.

त्याने सायकलची तार वाकवली आणि एकेक बोळा ओढून काढला. ताजा धरून आठ. अण्णांनी ते मांडीवर पसरले. जांभळा, काठाचा हिरवा, चौकडीचा. कुठलं लुगडं कुठल्या सालचं, ते वैनींना सांगू लागले. वैनी पदराआड हसत होत्या, डोळेही पुसत होत्या.

मग परसूने स्वतः किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. निळा धूर शेडभर झाला, पत्रे थरथरले. शेजारची माणसं कुंपणाशी आली. पण परसू त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो अण्णांकडे पाहत होता. अण्णा डोळे मिटून बसलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांना ऐकू येतंय का, हे विचारायचा धीर आमच्यापैकी कुणाला झाला नाही.

बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे न उघडता बोट वर केलं. "हवेचा स्क्रू स्वल्प बाहेर घे. खाली गुरगुरतेय."

परसू वाकला. पाव फेरा फिरवला, आणि गुरगुर गेली.

"सरी," अण्णा म्हणाले. "आता बरोबर."

टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत परसूने गाडी बंद केली नाही. त्या वर्षी त्यांच्या घरी पूजा व्हायला दुपार झाली.