अव्वांनी कापलेलं भाडं

खोली मागायला गेलो तेव्हा घरमालकीण अव्वांनी आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. लातूरच्या त्याच भागात याआधी दोन घरी आडनाव सांगितल्यावर ‘खोली कालच गेली’ असं उत्तर मिळालं होतं, म्हणून मी सविताला, म्हणजे माझ्या बायकोला, निघायची खूण केली. अव्वा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “आंघोळीला किती बादल्या लागतात?”

“एक,” मी म्हणालो.

“दोघांत?”

“दोघांत,” सविता म्हणाली, आणि खोली आमची झाली.

अव्वा मूळच्या उदगीरकडच्या. नवऱ्याचं किराणा दुकान होतं, ते नवऱ्यामागोमाग गेलं. मुलगा पुण्यात नोकरीला होता. तो दर रविवारी फोन करून आईच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि तिथेच त्याचं कर्तव्य संपायचं. वरच्या आमच्या खोलीच्या भाड्यावर अव्वांचं घर चालायचं. त्या खालच्या समोरच्या खोलीत राहायच्या. दूध नासल्याचं आणि समोरचे अण्णा वारल्याचं त्या एकाच आवाजात सांगायच्या, त्यामुळे वाक्य पूर्ण होईपर्यंत आपण तोंड कसं करावं हे कळायचं नाही. कुणी पाण्याची तक्रार केली की म्हणायच्या, “मला सांगून काय उपयोग? मी का पाणी हाय?”

मी एका खाजगी क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करायचो. लातूरला या कामाला मरण नाही. एकदा पाठ दुखायला लागली ती थांबेचना. तपासण्या झाल्या आणि मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टरांनी सपाट झोपून राहायला सांगितलं. औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होती, पण माझं पोट बसण्यावर होतं आणि बसणं कुठेच मिळत नव्हतं. क्लासवाल्यांनी एक महिना वाट पाहिली, मग दुसरा माणूस ठेवला. सविता शेजारपाजारच्या साड्यांना पिको-फॉल करायची. त्यात किराणा भागायचा, भाडं नाही.

शेवटी ती खाली गेली. जिन्यातून सगळं वर ऐकू यायचं, आणि मला तेवढंच काम होतं.

“अव्वा, भाडं डिपॉझिटातून कापून घ्या,” सविता म्हणाली.

“डिपाजिट कुठं हाय?”

“तुमच्याकडंच दिलं होतं की.”

“ते बोअरमधी हाय. गेल्या उन्हाळ्यात पाणी आटलं, मनून बोअर आणखी खाली घेतला. तुमचं डिपाजिट समदं दगडात गेलं. पाणी लागलं, तेच तुम्ही पिऊन राहिलाव.”

मी वर छताकडे पाहत होतो. तेही अव्वांचंच होतं.

“बरं, कापते,” अव्वा म्हणाल्या.

“कशातून?”

“डिपाजिटातून.”

“ते तर नाही म्हणालात ना.”

“न्हाई त्यातनंच कापायचं की. हाय त्यातनं कुणीबी कापंल.”

सविता वर आली आणि तिने हे मला पुन्हा एकदा सांगितलं. ऐकलं असूनही मी ऐकून घेतलं. अव्वा भाडं सोडत नव्हत्या आणि घेतही नव्हत्या. मग त्या खाणार काय, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला. पण तो एकमेकांना विचारायचा धीर झाला नाही.

आठवडाभरात अहमदपूरच्या दोन मुली पत्र्याच्या पेट्या घेऊन आल्या. डॉक्टर व्हायला लातूरला आलेल्या. अव्वांनी आपली समोरची खोली त्यांना भाड्याने दिली आणि स्वतःची बाज स्वयंपाकघरात नेली. बाज आत गेल्यावर ओट्याशी उभं राहायला जेमतेम जागा उरली. सविताने विचारलं, “अव्वा, हे कशाला?”

“गॅसच्या टाक्या चोरीला जायला लागल्यात,” अव्वा म्हणाल्या. “जवळ झोपलेलं बरं.”

त्या मुलींना त्यांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली, “अभ्यास लई करा. केस कमी धुवा.”

माझ्या तब्येतीची चौकशी सगळे करायचे. पाहुणे यायचे, ‘कसं वाटतं’ विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत आपल्या साडूच्या मणक्याचं सांगायचे. अव्वांनी कसं वाटतं हे कधीच विचारलं नाही. दर महिन्याला गुडघ्यावर हात ठेवत त्या जिना चढायच्या, दारात उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, “या महिन्याचं कापलं.” मग विचारायच्या, “बसता आलं का?” मी नाही म्हणालो की म्हणायच्या, “बरं,” आणि उतरायच्या. माझ्यासाठी कुणाला एवढा जिना चढावा लागतो, याची मला लाज वाटायची. पण महिना भरत आला की मी त्यांच्या पावलांची वाटही पाहायचो.

एकदा त्या आल्या आणि म्हणाल्या, “डिपाजिट संपलं.”

हे कधीतरी येणार हे आम्ही धरून होतो. सविताच्या हातातली साडी तशीच राहिली. मी म्हणालो, “अव्वा, आम्ही खोली सोडतो. सविताच्या माहेरी मुरुडला जातो.”

“कसं सोडाल? खोली सोडताना डिपाजिट परत द्यावं लागतं.”

“पण ते संपलं ना.”

“मनून तर. संपल्यावर मी काय परत देऊ? पहिलं भरा, मग सोडा. माझ्या घरातून माणूस रिकाम्या हातानं गेला न्हाई आजवर.”

“आणि तोवरचं भाडं?”

“त्याच्याच खाली लिवते,” अव्वा म्हणाल्या. “बसता आलं का?”

मी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी पट्टा बांधून बसलो. सविताने खाली जाऊन सांगितलं तर अव्वा म्हणाल्या, “मग आता खाली नळापाशी येऊन दात घासा मनावं. वर पाणी चढवायला लाईट लागती.” मला घरबसल्या टायपिंगचं काम मिळालं, पुढे क्लासनेही परत बोलावलं. अव्वांनी राहिलेलं भाडं वसूल केलं, मग डिपॉझिट भरून घेतलं. एक रुपया सोडला नाही. उशीर झाला की त्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या.

पुढे मला नांदेडला एका छापखान्यात नोकरी लागली. अव्वा गेल्याचं मला तिथेच फोनवर कळलं. मी मातीला पोचलो नाही. पण डोळ्यांसमोर येतो तो आम्ही घर सोडलं तो दिवस. टेम्पो भरून दारात उभा होता. अव्वांनी डिपॉझिटाची रक्कम सविताच्या हातात मोजून दिली. मोरीचा नळ गळत होता, त्याचे पैसे त्यांनी कापले होते. तेवढ्यात एक माणूस खोली बघायला आला. वर जाऊन तो भिंती ठोकून आला आणि आमच्याकडे बोट करून त्याने अव्वांना विचारलं, “हे भाडेकरू कसे होते?”

अव्वांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

“नळ नीट बंद करत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “पण भाडं एक महिना बी चुकवलं न्हाई.”