मोकेटची खुर्ची घेऊन हसनाबादला

वडील गेल्यावर वर्षभराने, १९९९च्या जानेवारीत, आईने त्यांची खुर्ची कुणालातरी देऊन टाकायचं काढलं. मी म्हटलं, देऊ नको, नीट करून ठेवू. रुंद, जुनी, मोकेटने मढवलेली खुर्ची. मोकेट म्हणजे आखूड, दाट लवेचं जाड कापड. पूर्वी बड्या घरांच्या दिवाणखान्यात असायचं. खुर्चीच्या हातांवरची लव झिजून दोरे उघडे पडले होते. जालन्यातले कारागीर रेक्झीन लावा म्हणत, ते मला पटेना. शेवटी कुणीतरी हसनाबादच्या बाबूमामांचं नाव सांगितलं. तरुणपणी ते हैदराबादला सोफे मढवायचे.

रविवारी टेम्पो केला, येऊन-जाऊन चारशे. आई ऐनवेळी पुढे येऊन बसली. राजूरपर्यंत रस्ता बरा होता, तिथे गरम भजी खाल्ली. पुढे नुसते खड्डे. तुम्ही असं काही नेणार असाल तर आधी चादरीत गुंडाळा, दोरीखाली दबलेली लव पुन्हा उठत नाही.

बाबूमामांनी पाठीचे खिळे उपसले. कायम भिंतीला टेकलेलं ते कापड झटकलं तर गर्द डाळिंबी निघालं. मला ती खुर्ची जन्मापासून तपकिरीच माहीत होती. हे कापड हातांना लावू, पाठीला साधं चालतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बसणार कोण? स्प्रिंगा बराबर त्याच्या वजनाला बांधाव्या लागत्यात."

वडिलांशिवाय त्या खुर्चीत कुणी बसत नसे. आई समोर सतरंजीवर.

"मी," आई म्हणाली.

मामांनी तिला बसवलं. ती काठावर टेकली, तसं त्यांनी पाठ टेकून नीट बसायला सांगितलं. मागे सरकल्यावर तिचे पाय अधांतरी राहिले. मामांनी खुर्चीच्या पायांवर खडूने खुणा केल्या. पाय तीन बोटं कापावे लागणार होते. वडिलांची खुर्ची आहे, राहू द्या, असं मी म्हणालो.

"ते आता येणार न्हाईत," आई म्हणाली. "कापा."

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती.

पंधरा दिवसांनी खुर्ची घरी आली. नव्या-जुन्या रंगांचा मेळ बसलेला नाही, तो बसणारही नव्हता. त्याच आठवड्यात वडिलांचे थोरले भाऊ आले. आईने डोक्यावर पदर घेतला, पण खुर्चीतून उठली नाही. त्यांना पलंगावर बसा म्हणाली आणि चहा टाकायला मला सांगितलं.