खांबाची वायर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला बिनवायरचं काही विकायला जाऊ नये. तो तोंडाने काही बोलत नाही, पण असा बघतो की आपणच पिशवी उचलून निघावं. आपला मेकॅनिक याच जातकुळीतला. एकोणतीस वर्षं तो लिफ्टचे पोलादी दोर डोळ्यांत तेल घालून तपासत आला होता. जे लटकतंय त्याला दोर हवा आणि तो डोळ्यांना दिसायला हवा, एवढी त्याची साधी श्रद्धा होती.

शनिवार-रविवार आला की हाच माणूस एका बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. वाढदिवस, कंपन्यांची संमेलनं, निरोपसमारंभ, जिथे बोलावणं येईल तिथे. बावीस वर्षं तो अँप्लिफायरच्या शेजारी एकाच फरशीवर उभा राहून वाजवत होता, म्हणून बँडमध्ये त्याचं नाव पडलं खांब. त्यालाही ते आवडायचं. बासवाल्याचं कौतुक कुणी करत नाही, चुकला की मात्र शेवटच्या रांगेपर्यंत कळतं.

खांबाची वायर त्याने स्वतः बनवलेली होती. तीन जुन्या वायरींचे तुकडे डाख देऊन जोडायचे, वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची, झाली पंधरा मीटर. उभं राहायचं अँप्लिफायरपासून हातभर अंतरावर आणि वायर पंधरा मीटर कशाला, असं विचारलं की तो म्हणायचा, "असू द्या, लागते." बावीस वर्षांत ती कधी लागली नाही. उरलेलं वेटोळं आपलं त्याच्या पायाशी पडलेलं असायचं.

मग एका निरोपसमारंभात ते लागलंच. कार्यक्रम संपला होता, टाळ्या चालू होत्या, आणि लोकांना वाकून नमस्कार करायला खांबाने बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक पाऊल पुढे टाकलं. पाय वेटोळ्यात अडकला. उजव्या हाताने त्याने गिटार छातीशी धरली, डावा हात जमिनीवर टेकला आणि मनगट मोडलं. गिटारला ओरखडाही आला नाही, हे त्याने डॉक्टरांना दोनदा सांगितलं. डॉक्टरांना त्यात फारसा रस दिसला नाही.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. ते निघाल्यावर बायकोने हात ताब्यात घेतला. ती दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची मनगटं वळवायची आणि संध्याकाळी नवऱ्याचं. तिने एकच अट घातली.

"स्टेजवर चढायचं तर वायर नको. ती दुकानात टाका आणि बिनवायरचं काय मिळतं ते घेऊन या. नाहीतर घरी वाजवा, मी वाजवीन टाळ्या."

तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे कीबोर्ड वाजवणारे, बँडचे म्होरके. महिन्याभराने मोठा कार्यक्रम होता. "खांबा, जमणार असेल तर उत्तमच," ते म्हणाले. "नसेल तर लवकर सांग. दुसरा माणूस बसवायला वेळ लागतो." रागाने म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

वाद्यांच्या दुकानातल्या बाई पिकल्या केसांच्या होत्या. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून त्या दिवसभर दुसऱ्यांचे बिघाड उघडून बसायच्या. त्यांनी त्याची वायर हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, खिळ्याला टांगली आणि गिटारचा आवाज हवेतून अँप्लिफायरपर्यंत पोचवणारी एक डबी पुढे केली. "आठवडाभर घरी वाजवा. नाही पटली तर आणून द्या."

पहिली डबी अंगठ्याएवढी, थेट गिटारमध्ये खोचायची. खोलीत झकास चालली. इंटरनेटच्या यंत्राजवळ गेला की मात्र आवाजाला उचक्या लागायच्या. सभागृहात तर शेकडो फोन असणार. ती परत गेली. दुसरी कमरेला लावायची, जुन्या पद्धतीची. तिला उचकी नव्हती, पण सगळ्यात जाड तार छेडली की आवाज उशीखाली दाबल्यासारखा यायचा. बासमधून जाड तार काढली तर उरतं काय? तीही परत.

तिसरी डबी घेऊन तो घरात अँप्लिफायर चालू ठेवून वाजवत जिना उतरला. एक मजला, दोन, तीन. बायको वरून फोनवर बातम्या देत होती. "येतंय. अजून येतंय. आता या वर, शेजारी दारात आलेत." आवाज एकदाही तुटला नाही की दबला नाही. हात टेकायची वेळ आली होती, तेव्हा ही सापडली. खुशीतच तो अँप्लिफायरसमोर बसला आणि पहिल्यांदा नीट ऐकू लागला.

तार खणखणत होती. बोट सरकलं की कचकच, गिटारच्या दांड्यावरची पट्टी बदलली की खरखर. आधीच्या दोन्ही डब्यांच्या वेळीही हे कानावर आलं होतं, पण तेव्हा त्याने सगळं डब्यांच्या माथी मारलं होतं. या तिसरीत खोट सापडेना. मग संशयित एकच उरला, डावा हात. मनगटात जोर नसला, तार पट्टीवर पुरती दाबली गेली नाही, की ती अशीच खणखणते, हे बासवाल्याला सांगावं लागत नाही.

पुढचे आठ दिवस तो बायको कामावर गेली की वाजवायचा आणि ती यायच्या आत गिटार पिशवीत घालायचा. तिला विचारावं तर ती खरं सांगेल, याचीच भीती. बायको हल्ली जरा नाजूकच झाली होती. रोज कसली ना कसली बरणी घेऊन यायची. "अहो, एवढं झाकण उघडता का?" तो उघडून द्यायचा आणि परत आपल्या विचारात बुडायचा. मास्तरांना सांगायचं वाक्यसुद्धा त्याने तयार करून ठेवलं. आधी डबी परत करू, मग फोन करू, असं ठरवून तो दुकानात गेला.

"हिला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तिला काही नाही. हात गेलाय माझा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "वाजवा बघू."

त्याने वाजवलं. खणखण, खरखर. बाईंनी खिळ्यावरची ती पंधरा मीटरची वायर काढली, गिटारला लावली आणि म्हणाल्या, "आता वाजवा." आवाज आला तो जुना, गोल, मऊ, लोण्यासारखा. खांब जागच्या जागी थिजला. मग बाईंनी वायर काढून हातभर लांबीची नवीकोरी वायर लावली. परत खरखर. डबीचा तर पत्ताच नव्हता मध्ये.

"दादा, एवढी लांबलचक जोडाजोडीची वायर आवाजाचं वरचं, धारदार टोक खाते. बावीस वर्षं ही तुमची खरखर गिळत होती. तुमचं बोट पहिल्या दिवसापासून असंच घासतंय. सगळ्यांचंच घासतं."

"म्हणजे हात..."

"हाताला काय धाड भरलीये?"

त्याचा जीव भांड्यात पडला. इतका, की तो तिथल्याच स्टुलावर बसला आणि बाईंना पाणी आणावं लागलं. डबीवर एक छोटं बटण होतं, लांब वायरीचा मऊपणा आवाजात आणणारं. बाईंनी ते दाखवलं, त्याने ते टोकापर्यंत फिरवलं. दोर नसला तरी दोराचा आवाज होता, आणि मेकॅनिकला तेवढं पुरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रिकाम्या सभागृहात आवाज तपासायचा होता. बायकोही आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. दुसरं गाणं चालू असताना खांबाने आपली फरशी सोडली. वाजवत वाजवत तो पायऱ्या उतरला आणि खुर्च्यांमधून मागे जाऊ लागला. आपला बँड समोरून कसा ऐकू येतो, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. बरा होता की. तो बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मला वाटलं होतं, हात गेला," बोटं न थांबवता तो म्हणाला. "सांगितलं नाही तुला."

"गेला?" ती म्हणाली. "अहो, मी रोज बरण्या कशाला आणत होते? एकेक झाकण आदल्या दिवसापेक्षा घट्ट लावायचे. परवाचं तर मलाही उघडेना, तुम्ही बोलता बोलता उघडलंत. तीन आठवडे झाले तुमचा हात बरा होऊन."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत तुम्ही हाताचं घेऊन बसलात? मला वाटलं, तुम्हाला डबीच पसंत पडत नाहीये."

खांब हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही कामात होते. बायकोने रुमाल काढला आणि तिनेच पुसले.

"खांब कुठे गेला?" स्टेजवरून मास्तर विचारत होते. ऐकू सगळं नीट येत होतं, जागा तेवढी रिकामी दिसत होती.