हंसाताईंची स्क्रीन भिंतीवर लागली

कँटीनच्या भिंतीवर, चहाच्या मशीनच्या बरोब्बर वर, हंसा तांडेलच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा रंगीत फोटो चिकटवला होता. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'असं काम करू नका.' नाव नव्हतं. पण नावाची गरजच काय? कोपऱ्यात तिचा मेलचा पत्ता स्वच्छ वाचता येत होता.

कप भरून चहा खाली सांडायला लागला तरी हंसाचं बोट बटणावरून निघेना.

तारापूर एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात ती अठरा वर्षं डिस्पॅचला होती. माहेर-सासर दोन्ही जवळच्या दांडी या मच्छीमारांच्या गावातलंच. आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची, आणि हिनं पालघरला जाऊन बी.कॉम. केलं. पहिल्या वर्षी ऑफिसात कुणीतरी तिच्या डब्याच्या वासावर बोललं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी मुद्दाम सुक्या बोंबलांची चटणी आणली आणि टेबलाच्या मधोमध डबा उघडला. तेव्हापासून तिच्या वाटेला कुणी जात नसे.

कारखान्यातून माल निघायचा म्हणजे प्रत्येक गाडीमागे तिला ऑर्डरचा मेल, मालवाहतुकीचं ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्याची साईट आणि परदेशी माल असला तर बंदरावरच्या कंटेनरची साईट, एवढं सगळं उघडं ठेवावं लागे. दुपारपर्यंत स्क्रीनवर टॅबची इतकी दाटी व्हायची की नावं दिसेनाशी होऊन नुसते ठिपके उरायचे. बंद करायची सोय नव्हती. एक साईट बंद केली की पुन्हा लॉगिन, आणि लॉगिनचा ओटीपी जायचा मालकांच्या मोबाइलवर. मालक मुंबईत मीटिंगमध्ये. ओटीपी येईस्तोवर ड्रायव्हर गेटवर हॉर्न वाजवत उभा.

यात भर पडली हर्षितसाहेबांची. नवे मॅनेजर, वय तिशीच्या आतलं, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरणारे. त्यांनी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवलं. कुणाचे किती टॅब उघडे, कोण कुठे किती वेळ रेंगाळलं, ते सगळं त्यांना केबिनमध्ये बसून दिसायचं. जास्त टॅब म्हणजे कमी काम, हे त्यांनी कुठूनसं शिकून आणलं होतं आणि त्यावर त्यांची श्रद्धा बसली होती.

फोटो त्याच सॉफ्टवेअरनं काढला होता. आणि त्यात नेमका एक टॅब उघडा होता, समुद्राच्या हवामानाचा. त्या दिवशी किनाऱ्यावर वादळी वाऱ्याचा इशारा होता आणि तिचा नवरा महादू बोटीवर, आत लांब. जेवणाच्या सुट्टीत तिनं पाच मिनिटं लाटांची उंची बघितली होती. त्या टॅबभोवती साहेबांनी लाल गोल काढला होता.

"हंसाताई ऑफिसात बसून समुद्र बघतात," पॅकिंगमधलं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसली.

ती सरळ केबिनमध्ये गेली. "साहेब, तो फोटो काढा."

"हंसाजी, पर्सनल घेऊ नका. नाव कुठे टाकलंय मी?"

"मेल आयडी कोणाचा आहे मग?"

"हे सगळ्यांच्या भल्यासाठी आहे. लोकांना उदाहरण दाखवलं की समजतं."

"मग स्वतःची स्क्रीन लावायची होती," ती म्हणाली. साहेबांनी फोन उचलून कानाला लावला. वाजला नव्हता तो. फोटो तिथंच राहिला.

घरी महादू जाळं शिवत बसला होता. त्याला सांगताना तिचा आवाज चढला. "माझा नवरा पाण्यात हाय ते बघितलं, तर ती कामचोरी?"

"जाऊ दे गं. आमी आलो ना सुखरूप?"

"जाऊ दे नाय. तुमच्यावर हसले ते."

महादूनं सुई खाली ठेवली.

राग असा होता की तिला काहीतरी करून दाखवायचंच होतं. शनिवारी गाड्या कमी असतात. त्या दुपारी तिनं एकेका टॅबवर उजवं क्लिक करून काय काय होतं ते बघितलं. टॅबचे गट करता येतात, गटाला नाव देता येतं, रंग देता येतो, आणि नावावर क्लिक केलं की अख्खा गट मिटून एवढासा होतो. काही बंद होत नाही, लॉगिन जात नाही. तिनं एका गाडीचा एक गट केला. गाडी गेटबाहेर पडली की निळा, पोचली की गट बंद. परदेशी माल वेगळ्या खिडकीत. दोनदा चुकून सगळंच बंद झालं आणि मालकांना ओटीपीसाठी फोन करावा लागला, त्यांनीही दोन शब्द सुनावले.

पण पुढच्या आठवड्यात तिचं काम खरंच लवकर उरकायला लागलं. शोधाशोध थांबली. शेजारच्या टेबलावरचा धर्मेश म्हणाला, "ताई, हे भारी आहे." भारी होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता. हे कुणी नीट जवळ बसून सांगितलं असतं तर? भिंतीवर टांगायची काय गरज होती?

महिनाअखेरीस हेड ऑफिसची माणसं आली. सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बसवलं. हर्षितसाहेबांनी पडद्यावर डाव्या बाजूला तोच जुना फोटो दाखवला, लाल गोलासकट, आणि उजव्या बाजूला हंसाची आताची स्क्रीन, रंगीत गटांची. वर लिहिलं होतं, 'प्रशिक्षणापूर्वी' आणि 'प्रशिक्षणानंतर'.

"आमच्या एका जुन्या कर्मचाऱ्याला आम्ही तयार केलं," साहेब म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग ऑफिसातल्यांनीही.

हंसा उभी राहिली.

"कुठलं प्रशिक्षण, साहेब?"

"हंसाजी, प्रश्न शेवटी घेऊ."

"कधी दिलंत? कोणत्या खोलीत? हे मी केलंय. तुम्ही माझ्या टेबलाजवळ एकदाही आला नाहीत."

"ठीक आहे ना, हे टीमचं यश आहे."

"यश टीमचं, मग भिंतीवर मी एकटीच का? आणि तो लाल गोल कशाभोवती आहे ते सांगा पाहुण्यांना. माझा नवरा त्या दिवशी वादळात होता. जेवण सोडून बघत होते मी."

हेड ऑफिसच्या बाई, रिद्धी मॅडम, हळूच म्हणाल्या, "ताई, बसा. आपण नंतर बोलू."

"बोला. पण आधी ते पडद्यावरून काढा, मग बसते."

साहेबांनी रिद्धी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. पडदा पांढरा झाला, तेव्हा हंसा बसली. शेजारी धर्मेश मान खाली घालून बसला होता. टाळ्यांत त्याचेही हात होते, हे तिनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधला फोटो गेलेला होता. माफी कुणी मागितली नाही. सॉफ्टवेअर तसंच राहिलं. रिद्धी मॅडम 'नंतर' काही बोलल्या नाहीत. फक्त हर्षितसाहेबांकडून सगळ्यांना एक मेल आला की डिस्पॅचच्या हंसा तांडेल सगळ्या विभागांना ही पद्धत शिकवतील.

"शिकवाल ना?" साहेबांनी विचारलं. या खेपेला ते तिच्या टेबलापर्यंत चालत आले होते.

एका मनानं तिला 'नाही' म्हणायचं होतं. पण अकाउंट्सच्या बायका तिच्यासारख्याच ठिपक्यांच्या दाटीत शोधत बसायच्या, ते ती रोज बघत होती. "शिकवीन," ती म्हणाली. "कामाच्या वेळेत. आणि प्रशिक्षणाच्या सूचनेवर माझं नाव घालायचं."

बुधवारी मीटिंग रूम भरली. हंसानं कॉम्प्युटर जोडला, पदर खोचला आणि वळली, तर मागच्या खुर्चीवर हर्षितसाहेब मोबाइल उभा धरून तिचा फोटो घेत होते.

"फोन खाली ठेवा, साहेब."

"अहो, फक्त रिपोर्टसाठी..."

ती थांबून राहिली. हात माऊसवर तसाच. माना एकेक करून मागे वळल्या. अखेर साहेबांनी फोन खिशात टाकला.

"हं," हंसा म्हणाली, "आता पहिल्या टॅबवर उजवं क्लिक करा."